कॉम्प्युटर स्लो झालाय? आधी तपासणी, मग उपचार

"डॉक्टर, थकवा फार आहे, एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या," असं रोज निदान पाच-सहा जण तरी मला सांगतात. थकवा हे लक्षण आहे. त्यामागे हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड मंद असेल, साखर वाढलेली असेल, रात्री घोरताना श्वास अडकत असेल किंवा मन खचलेलं असेल. टॉनिकनं यातलं काहीच बरं होत नाही, निदान मात्र महिनाभर लांबतं.

आजचा विषय म्हटला तर आरोग्याचा नाही. गेल्या वर्षभरात "डॉक्टर, घरचा कॉम्प्युटर फार स्लो झालाय, फॉरमॅट मारू का?" हा प्रश्न मला माझ्याच खोलीत इतक्यांदा विचारला गेला की एकदा नीट लिहून टाकावं असं वाटलं. मला का विचारतात? एक तर माझ्या टेबलावरचं मशीन सगळ्यांना दिसतं. ते २०१३ सालचं आहे आणि अजून चालतं. दुसरं, माझे निम्मे पेशंट भोसरी, तळवडे आणि चाकणच्या कारखान्यांतले. मशीन बिघडलं तर आधी कारण शोधायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. कंपनीतली बेअरिंग गरम झाली तर ते नुसतं ग्रीस फासून सोडत नाहीत. पण घरचा कॉम्प्युटर रखडला की तेच लोक एकदम टॉनिकवर येतात: कुठलं तरी 'क्लीनर' सॉफ्टवेअर टाका, नाहीतर फॉरमॅट करा, नाहीतर नवा घ्या.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. चिंचवडमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा एक तरुण माझा जुना पेशंट आहे. त्याला दम्याचा त्रास आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कॅबिनेटमधली धूळ उडवणं हा त्याचा धंदा! पंपाचा डोस ठरवता ठरवता आमच्या बऱ्याच गप्पा होतात. खाली जे लिहिलंय ते त्याच्याकडून शिकलेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. सॉफ्टवेअरच्या भानगडीत मी शिरणार नाही. यंत्राच्या शरीरात काय बिघडतं आणि ते ओळखायचं कसं, एवढंच सांगतो.

आधी हकीकत विचारा

वैद्यकीय शिक्षणात आम्हाला पहिल्यापासून एक गोष्ट शिकवतात. पेशंटची हकीकत नीट ऐकली तर बहुतेक वेळा निदान तिथेच कळतं, तपासण्या त्यावर शिक्का मारतात. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. कधीपासून मंद आहे? हळूहळू झाला की गेल्या आठवड्यापासून अचानक? दिवसभर मंद असतो की ठरावीक वेळी? सगळीच कामं रखडतात की एखादंच?

चार-पाच वर्षांत हळूहळू मंदावलेला कॉम्प्युटर बहुधा आजारी नसतो. त्याच्यावरचा बोजा वाढलेला असतो आणि अंगातली ताकद आहे तेवढीच असते. आठवडाभरात एकदम मंदावला तर काहीतरी तुटलं, सुटलं किंवा तुंबलं आहे असं समजायचं. सकाळी बरा आणि दुपारी मंद असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्यायचा. काही फाइल्स झटकन उघडतात आणि काहींवर तो मिनिटभर अडकून बसतो, हे डिस्कचं लक्षण. घर बदलताना टेम्पोतून नेला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, तर आतलं काहीतरी हललंय. आणि फक्त इंटरनेटच मंद असेल, तर बिचाऱ्या कॉम्प्युटरला उघडूच नका, तो निर्दोष आहे.

मग येतात नाडी, ताप आणि रक्तदाब. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे टक्क्यांत दिसतात. मंद झालेला असतानाच हे पाहायचं. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग? मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे अडकली असेल तर रॅम अपुरी पडते आहे. डिस्क १०० टक्के दिसते, पण प्रत्यक्षात माहितीची ने-आण अगदी किरकोळ चालली आहे, तर डिस्कची तब्येत बिघडलेली असू शकते. 'परफॉर्मन्स'च्या पानावर डिस्कचा सरासरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत दिलेला असतो. तो काही क्षण वर गेला तर काळजी नको. पण तो शेकड्यांत किंवा हजारांत जाऊन तिथेच थांबला, तर पुढचं नीट वाचा.

सकाळी बरा, दुपारी मंद

भोसरी एमआयडीसीत माझ्या एका पेशंटचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशिनं, एक सरफेस ग्राइंडर आणि काचेच्या पार्टिशनमागे केबिन. वय ५४, रक्तदाबाची गोळी गेली सहा वर्षं चालू. मे महिन्यात आले तेव्हा रक्तदाब १६८/१०० होता. गोळी चुकली का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गोळी नाही चुकली डॉक्टर, डिलिव्हरी चुकतेय. प्रोग्रॅम बनवायचा कॉम्प्युटर सकाळी चार मिनिटांत काम करतो, दुपारी त्यालाच वीस मिनिटं लागतात. नवीन घ्यायला सांगतायत, पासष्ट हजार."

सकाळी चार मिनिटं आणि दुपारी वीस, एवढ्या हकीकतीवरच मी त्यांना त्या तरुणाचा नंबर दिला.

प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. पंखा खोलीतली हवा पात्यांमधून ढकलतो आणि उष्णता बाहेर जाते. म्हणजे प्रोसेसरचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर काही अंश राहतं. खोली २५ अंशांवरून ३९ वर गेली तर आतला आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतात. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर भरपूर दिसतो, पण शेजारचा गिगाहर्ट्झचा आकडा मात्र नेहमीपेक्षा खाली आलेला असतो. तापानं फणफणलेला माणूस अंथरुण धरतो, तसाच हा प्रकार. बिघाड म्हणण्यापेक्षा हा बचाव आहे. पण तुमचं काम अडतं ते अडतंच.

कॅबिनेट जमिनीवर, केबिनच्या दाराला लागून ठेवलेलं होतं. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळा, नमद्यासारखा थर. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये धूळ कोरडी असते, ब्रशनं उडते. भोसरीची धूळ वेगळी. सीएनसी मशीन चालताना कूलंटचा बारीक फवारा हवेत राहतो, त्यात ग्राइंडरची धातूची भुकटी मिसळते आणि तेलकट राळ तयार होते. ती ब्रशला दाद देत नाही. शिवाय धातूची भुकटी वीजवाहक असते, ती सर्किटवर साचली तर शॉर्ट होण्याची भीती.

त्यानं हीटसिंक काढून धुतला. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती काही वर्षांनी वाळून खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि नवी लावली, वाटाण्याच्या दाण्यापेक्षा कमी. (मलमासारखं हिचंही आहे, जास्त लावली म्हणून जास्त गुण येत नाही.) भर दुपारी काम चालू असताना ९८ वर जाणारा काटा ६८ वर आला. कॅबिनेट जमिनीवरून उचलून लाकडी स्टुलावर, दारापासून लांब ठेवलं. खर्च नऊशे रुपये. दोन आठवड्यांनी रक्तदाब १३८/८६. त्याचं श्रेय मी कॉम्प्युटरला पूर्ण देत नाही, कारण त्याच वेळी मी त्यांचं लोणचं-पापडही बंद केलं होतं.

या हकीकतीतला माझ्या विषयाचा भाग पुढेच आहे. त्या तरुणानं काळ्या थराचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. आपल्या नाकात केस असतात, आत ओलसर अस्तर असतं, श्वासनळीत कचरा वर ढकलणाऱ्या सूक्ष्म लवा असतात, आणि शेवटी खोकला असतो. कॉम्प्युटरला यातलं काहीच नाही. पंखा ओढेल ती हवा थेट आत, आणि त्याला खोकताही येत नाही. पण आपली गाळणीसुद्धा सगळं अडवत नाही. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. मी मालकांना फोन करून विचारलं, ग्राइंडरजवळ कोण असतं? चोवीस वर्षांचा मुलगा होता. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला, मेडिकलमधून सिरप आणून पीत होता.

त्याला बोलावलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ. मी त्यालाही तेच विचारलं: रोज सारखाच असतो का खोकला? तो म्हणाला, "गुरुवारी सुट्टीला नसतो सर. शुक्रवारी दुपारपासून चालू होतो." फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, केली तर श्वासनलिका किंचित आकसलेल्या होत्या आणि पंप दिल्यावर मोकळ्या झाल्या. कूलंटच्या फवाऱ्यानं असा कामाशी जोडलेला दमा होऊ शकतो, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटणं ही त्याची सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. वेळेत ओळखला आणि त्या हवेतून माणूस बाजूला झाला तर सुधारण्याची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षं तसाच रेटला तर तो कायमचा जडू शकतो. मालकांनी त्याला पॅकिंगच्या कामावर घेतलं आणि वाचलेल्या पैशांतून मशीनजवळची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवला. तुमच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरचा पंखा दर तीन महिन्यांनी काळा होत असेल, तर मशीनवरच्या माणसांच्या छातीचीही तपासणी करून घ्या, ही माझी विनंती आहे.

घरी स्वतः धूळ काढणार असाल तर प्लग काढून, कॅबिनेट गॅलरीत नेऊन, तोंडावर चांगला मास्क लावून काढा. दमा असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, भरधाव फिरवली तर त्याची बेअरिंग जाते. आणि वीजपुरवठ्याचा जो पत्र्याचा डबा असतो, एसएमपीएस, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसेल इतका विद्युतभार काही काळ राहतो.

डिस्कचं दुखणं वेगळं

उष्णतेनं मंदावलेला कॉम्प्युटर चार दिवस तसाच राहिला तरी फारसं बिघडत नाही. डिस्कमुळे मंदावलेला मात्र इमर्जन्सी समजावा. या एका वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला असं समजा.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, बहुतेक डेस्कटॉपमध्ये मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं टोक केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून तरंगत जातं. टोकानं जागेवर जायचं आणि हवा तो भाग खाली फिरून येईपर्यंत थांबायचं, यात दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची माहिती वाचायची तर धडधाकट हार्ड डिस्कही सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं करू शकते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती हजारो करते. मूळ मशीन बरं असेल तर निव्वळ डिस्क बदलून जुना कॉम्प्युटर टुणटुणीत होतो तो यामुळे.

आता चकतीवरचा एखादा भाग खराब झाला तर काय होतं? वाचता आलं नाही म्हणून डिस्क हार मानत नाही. ती पुन्हा वाचते, पुन्हा, पुन्हा. तेवढा वेळ कॉम्प्युटर थांबून राहतो, आणि आपण म्हणतो, स्लो झालाय.

दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचं हेच झालं. बहुतेक पेशंटच्या नोंदी लगेच उघडत होत्या, पण २०१६-१७ च्या सुमाराच्या काही फाइल्सवर तो अर्धा-अर्धा मिनिट थिजायचा, आणि आतून बारीक टिकटिक ऐकू यायची. त्या अडकणाऱ्या फाइल्समध्ये एका गृहस्थांची फाइल होती, जिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय: पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी. ज्या पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनसाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, त्या गावातल्या दवाखान्याला ही ओळ विसरून चालणार नाही.

डिस्क १०० टक्के, प्रतिसादाचा वेळ दोन हजार मिलिसेकंदांवर. माझा पुतण्या फोनवरून म्हणाला, "काका, डीफ्रॅग लावून ठेव रात्री." दुरुस्तीवाला तरुण आला, त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला आणि कीबोर्डवरून हात उचलला. "सर, आता याला काही करायचं नाही. आधी कॉपी."

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यात दोन आकडे पाहायचे. 'रीॲलोकेटेड' म्हणजे खराब निघालेले आणि राखीव जागेवर हलवलेले भाग. 'पेंडिंग' म्हणजे जे सध्या वाचता येत नाहीत, ज्यांचा निकाल बाकी आहे. माझ्या डिस्कवर पेंडिंगचा आकडा ४६ होता. अशा वेळी डीफ्रॅग, फुल स्कॅन किंवा डिस्क दुरुस्त करणारी कमांड यांपैकी काहीही चालवलं तर ते टोक सगळ्या चकतीवर तासन् तास धावत राहतं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला मी ट्रेडमिलवर पळवत नाही, आधी स्थिर करतो.

त्यानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि असा प्रोग्रॅम लावला जो आधी चांगले भाग उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. हे सगळं माझ्या समोर, दवाखान्यातच केलं. दुकानात न्यायला मी परवानगी दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही. त्या चकतीवर चार हजारांहून जास्त लोकांचे आजार आहेत, कुणाच्या शेजाऱ्याला कळू नयेत असेही. रात्री आठला सुरू झालेली कॉपी पहाटे साडेपाचला संपली. अकरा फाइल्स आल्या नाहीत. त्या दर शनिवारी मी घरी नेतो त्या बॅकअपमध्ये होत्या. सोमवारी नवी एसएसडी बसली, आणि २०१३ चं मशीन पूर्वी कधी नव्हतं इतकं जलद झालं.

'स्मार्ट'चा रिपोर्ट हिरवा आला म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलनं २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली 'स्कॅन एरर' दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांमध्ये चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता. आमच्या ईसीजीसारखंच: बिघडलेला दिसला तर धावपळ करायची, नॉर्मल आला तरी छातीतलं दुखणं खोटं ठरत नाही. एसएसडी तर पुष्कळदा टिकटिक वगैरे न करता एका सकाळी एकदम गप्प होते. म्हणून बॅकअप दोन्हींना हवा.

निगडी प्राधिकरणात राहणारे एक निवृत्त शिक्षक गेल्या हिवाळ्यात झोप येत नाही म्हणून आले. पत्नी २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. इतक्या दिवसांनी झोप का उडाली, हे विचारता विचारता कॉम्प्युटरचा विषय निघाला. बाई अमेरिकेतल्या नातवासाठी रोज एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवायच्या, सगळ्या त्या मशीनवर होत्या. दिवाळीच्या आधी मशीन फार मंद झालं म्हणून त्यांनी एका दुकानात दिलं. तिथं कुणी काही विचारलं नाही, यांनाही सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फॉरमॅट होऊन, नवं विंडोज पडून परत आलं. "अगदी फास्ट झालाय हो डॉक्टर," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

हार्ड डिस्क फॉरमॅट झाली तरी त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी माहिती पुष्कळदा तिथेच असते. तेव्हाच बंद करून ठेवली असती तर काही मिळण्याची आशा होती. पण त्यावर विंडोज पडलं होतं आणि दोन महिने ते वापरात होतं. आमच्या तरुणानं दोन रात्री घालवल्या, तुकडेच निघाले. मुलाच्या जुन्या व्हॉट्सॲपमध्ये मात्र नऊ गोष्टी सापडल्या. मी त्यांना झोपेची गोळी थोड्या दिवसांसाठी दिली, आणि त्या नऊ फाइल्सची तीन ठिकाणी कॉपी करायला लावली. एक माझ्याच पेन ड्राइव्हवर आहे.

तेव्हा दुकानात मशीन देताना पावतीवर लिहून घ्या: माहिती पुसायची नाही, आधी विचारायचं. चांगला दुरुस्तीवाला याचा राग मानत नाही.

रॅम आणि इतर किरकोळ

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा लहान असला की प्रत्येक डबा वापरून झाला की माळ्यावर टाकायचा आणि लागला की शिडी लावून काढायचा. रॅम भरली की कॉम्प्युटर हेच करतो, आणि माळा म्हणजे डिस्क. ४ जीबीवर आजकालचा ब्राउझर आणि दोन-तीन कामं एकदम चालत नाहीत, ८ असावी. पण वाढवण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये किती दिसते ते बघा. दोन पट्ट्यांपैकी एक खाचेतून सैल झाली की ८ च्या जागी ४ दिसते, आणि लोक तिसरी पट्टी विकत आणतात. पट्टी काढून सोनेरी टोकं शाळेच्या खोडरबरानं पुसून परत घट्ट बसवली तर काम होतं. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

दुखणं एकीकडे आणि कारण दुसरीकडे, असं आमच्याकडे नेहमी होतं. पित्ताशयाचा खडा उजव्या खांद्यात दुखतो. तसंच डिस्क धडधाकट असून तिची केबल सैल किंवा चेपलेली असली तरी कॉम्प्युटर रखडतो. 'स्मार्ट'मध्ये सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला, ती अगदी स्वस्त असते. नेटवर्कच्या केबलमधली एक तार तुटली तर १००० चा वेग १०० वर येतो, आणि शिव्या इंटरनेट कंपनीला बसतात. यूएसबीला अडकवलेलं एखादं मेलेलं उपकरणही सुरू होण्याचा वेळ वाढवतं, म्हणून एकदा सगळं काढून चालू करून बघा. तारीख-वेळ दर वेळी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा ३ व्होल्टचा सेल बदला. त्यानं वेग वाढत नाही, पण चुकलेल्या तारखेमुळे बँकेच्या साइट उघडत नाहीत आणि लोक त्यालाही 'स्लो' म्हणतात. मधूनच मशीन आपोआप बंद होत असेल, किंवा बोर्डवरच्या छोट्या डब्यांची डोकी फुगलेली दिसली, तर विषय वीजपुरवठ्याचा आणि बोर्डाचा. तिथे जाणकारालाच हात लावू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे एक दिवस जाऊ द्या. तीन औषधं एकदम सुरू केली तर गुण कुणाचा आणि पुरळ कुणाची हे मलाही सांगता येत नाही.

उपचार कधी थांबवायचा, हाही प्रश्न येतोच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बरीच जुनी मशिनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एसएसडी टाकून त्या अटी पूर्ण होत नाहीत. माझ्या दवाखान्यातल्या मशीनचंही तेच आहे. म्हणून ते आता इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या नोंदी पाहायला ठेवलंय, आणि नव्या नोंदींसाठी दुसरं घेतलं. मशीन टाकून द्यायचं ठरलं तर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, पण डिस्क काढून घेऊन. नुसतं 'डिलीट' केलेलं पुष्कळदा परत वाचता येतं.

माझी ती टिकटिकणारी डिस्क सहा महिने कपाटात कुलपात होती. मग भोसरीच्या मालकांकडे घेऊन गेलो. त्यांनी ती शिकंजात धरली आणि ड्रिल मशीनवर बारा एमएमचा बिट लावून चकत्यांमधून आरपार तीन भोकं पाडली. कोरडा खोकला होता तो मुलगा पॅकिंगच्या टेबलावरून बघत होता. त्याच्या स्पायरोमेट्रीची पुढची तारीख मी तिथेच सांगून आलो.